मोकळा सोडलेला गंधार

अहो,

नावानं तुम्हाला कधी हाक मारली नाही, मग आता कागदावर तरी कशाला मारू? परवा सोसायटीच्या माघी गणपतीत तुमच्याशिवाय पहिल्यांदा गायले. त्याच्या आधीपासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय, गाऊन झालं तरी जाईना. तन्वीला विचारलं, हिराजीभाऊंना विचारलं. दोघांनी दोन उत्तरं दिली. आता विचारायला तुम्हीच उरलात.

तन्वीला तुम्ही ओळखत नाही. तुम्ही गेल्यानंतर दुसऱ्या मजल्यावर राहायला आली. घरीच कीबोर्डचे क्लास घेते. गणपतीच्या आधी हिराजीभाऊ मोरा बंदरावरून आले ते ढोलकी खांद्याला लावूनच. म्हणाले, वयनी, वरीस झाला, आता गानार नाय तर कवा? मी म्हटलं, तुमच्या जागी कीबोर्ड वाजवणार कोण? तर त्यांनी तन्वीला आधीच विचारून ठेवलेलं. तुमचे मित्र ना, तुमच्यासारखेच. आधी ठरवायचं, मग विचारायचं.

गवळण तीच निवडली, माझ्या आईची, साताऱ्याहून माझ्याबरोबर आलेली. तिच्याखाली कॉर्ड तुम्ही बसवलेल्या. तन्वीनं एकदा ऐकली आणि वाजवायला लागली. एक सूर चुकला नाही हो तिचा. तरी मला गाता येईना! पहिल्याच ओळीत गंधारावर थांबायचं, तर तिथं कुणीतरी आधीच बसलंय असं वाटायचं. आवाज कुठं ठेवू कळेना. दोनदा थांबले. पोरगी बिचारी सॉरी म्हणायला लागली.

मग तिला मोबाइलवरचं आपलं जुनं रेकॉर्डिंग दिलं. दुसऱ्या दिवशी तीच वर आली. म्हणाली, "काकू, तुम्ही गंधारावर थांबता ना, तिथं काका गंधार वाजवतच नाहीयेत. नुसते षड्ज आणि पंचम. मधली जागा मोकळी."

मला काय कळणार? पेटीवर सारेगम शिकलेली बाई मी. तिनं सोफ्यावर बसवून समजावलं. सा, ग, प मिळून एक कॉर्ड. त्यातला सा खाली असला की घरात बसल्यासारखं वाटतं. तेच तीन सूर, पण ग खाली घेतला की उंबऱ्यात उभं राहिल्यासारखं. सूर तेच आणि वाटतं वेगळं, हे कसं? ती म्हणाली, याला इन्व्हर्जन म्हणतात. आणि कुठला सूर कुठं ठेवायचा, कुठला गाळायचा, हे वाजवणारा ठरवतो. "तुम्ही गंधार गाताय म्हणून काकांनी तो तुमच्यासाठी सोडलाय, काकू."

मी उठून गॅस बारीक करायला गेले. गॅस चालू नव्हताच.

इतकी वर्षं शेजारी बसून वाजवलंत, एकदा सांगायचं नाही? मी तर म्हणायचे, तुमची कॉर्ड पोकळ वाजते, नीट दाबा की. तुम्ही हसायचात. शेवटच्या ओळीत तो कोमल धैवत घ्यायचात, त्यावरूनही मी भांडायचे. आईच्या गवळणीत तो सूर नाही, कुठून आणलात? तुम्ही म्हणायचात, "उसना आणलाय. परत ठेवतो." मला थट्टा वाटायची. तन्वी म्हणते, थट्टा नाही, त्याला खरंच उसनाच म्हणतात, जवळच्या दुसऱ्या सुरावटीतून आणलेला. खरं बोलत होतात तर खरं आहे असं सांगायला काय झालं होतं?

दोन दिवस मी हवेत होते. मग तालमीला हिराजीभाऊ आले. तन्वीनं त्यांना मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. ते ढोलकीची दोरी ओढत म्हणाले, "त्याचा मधला बोट वलत नव्हता, वयनी. कंटेनरच्या दरवाज्यात चेपलेला ना. मधला सूर दाबनार कशानी?"

ते बोट मी रोज बघितलंय. भाकरी मोडताना ते तेवढं वर राहायचं. यार्डात कामावर असताना झालेल्या त्या अपघातानंतर मीच तर हळद भरली होती. पण ते बोट आणि तो गंधार, दोन्ही एकत्र कधी मनात आले नाहीत.

तन्वी ऐकेना. तिनं रेकॉर्डिंगची शेवटची ओळ लावली. म्हणाली, उसन्या कॉर्डमध्ये काकांनी कोमल धैवत खाली घेतलाय, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्यानं. तसाच गंधारही अंगठ्यानं घेता आला असता, बोटाचं कारण कशाला? हिराजीभाऊ म्हणाले, असंल, पन हाताला सवय लागली असंल. दोघं वाद घालत बसले आणि मी मधे, कुणाचं खरं मानू?

बोट चेपल्यानंतर तुम्ही दुसऱ्या कुणाबरोबर वाजवलेलं रेकॉर्डिंग असतं तर कळलं असतं, तिथंही गंधार सोडलाय का ते. ते नाही. तुम्ही ऑर्केस्ट्रात वाजवायचात त्या दिवसांत कोण कशाला टेप करून ठेवतंय?

शेवटी तन्वीला एवढंच सांगितलं, तू गंधार सोड, कारण काही का असेना. परवा मंडपात तसंच केलं. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्यांदा गंधारावर आले आणि आवाजच फुटेना. रडू नाही आलं, नुसताच बंद झाला. खाली षड्ज-पंचम वाजत राहिले, रिकामे. गंधार कुणाकडेच नव्हता. मागं बसलेल्या बायकाही वर बघायला लागल्या. तन्वीनं माझ्याकडे बघितलं, पण तो सूर भरला नाही. भरला असता तर मला चाललं असतं. हिराजीभाऊ ठेका धरून तसेच थांबले. मग मीच तो लावला. थोडा उतरलेला लागला, पण लागला, आणि गवळण पुढं गेली.

खाली उतरल्यावर हिराजीभाऊ म्हणाले, "तो सूर तुजाच हाय, वयनी. बोटाचं जाऊं दे."

जाऊ कसं देऊ? मायेनं सोडलात की बोटानं सुटला? का आधी बोटानं सुटला आणि मग माझा आवाज ऐकून तुम्ही तसाच ठेवलात? असंही झालं असेल ना? मला खरंच कळत नाही, आणि तुम्ही तर काही बोलणार नाही.

एक मात्र कबूल करते. सोमवारपासून तन्वीकडे शिकायला बसणार आहे, तिच्या पहिलीदुसरीतल्या पोरांच्या रांगेत. सुरुवातीला सगळे सूर दाबीन, काही सोडणार नाही. मग एखाद्या दिवशी कुणीतरी गायला बसेल आणि माझं बोट आपोआप उचललं जाईल, किंवा मुद्दाम उचलावं लागेल. तेव्हा कळेल मला. नाही कळलं तरी तुमच्यावर रागवत वाजवत राहीन.

तुमची, अजून गोंधळलेली,
शालन