गादीखालची गादी

आई, घरात लॅटेक्सची गादी आली आहे. तुला हा शब्द नवा असेल. रबराच्या झाडाचा चीक फेसाळवून, भाजून घट्ट करतात आणि त्याचे पावासारखे, भोकाभोकांचे जाड थर तयार होतात. हाताने दाबलं की दबतात, हात काढला की परत वर येतात. पहिले चार दिवस खोलीत चपलांच्या नव्या दुकानासारखा वास होता. तू असतीस तर आधी ती गच्चीवर नेऊन उन्हात टाकली असतीस आणि तिथेच चुकली असतीस, कारण या गादीला ऊन चालत नाही. उन्हाने तिचा भुगा होतो. दुकानातल्या माणसाने हे दोनदा बजावलं, तेव्हा मला उगाचच तुझी बाजू घेऊन त्याच्याशी वाद घालावासा वाटला. जिला ऊन दाखवायचं नाही ती गादी कसली, असं तू म्हणाली असतीस. मी मात्र मान हलवून ऐकून घेतलं.

गादी घेतली ती तुझ्या सुनेसाठी. शाळेतून निवृत्त झाली आणि दोनच महिन्यांत तिची पाठ गेली. कमरेच्या मणक्यात झीज आहे, म्हणाले डॉक्टर. ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा, आणि झोपायला खोलगट नको, फळकुटासारखंही नको. त्याच आठवड्यात ती उशी आणि पांघरूण घेऊन हॉलमधल्या दिवाणावर गेली. लेक शनिवारी घरी आली तेव्हा तिने आईला विचारलं, काही बिनसलंय का दोघांचं. तर ही म्हणाली, "मी काही रुसून गेले नाही, पाठ घेऊन गेले." लेक हसली. मलाही हसू आलं. पण त्याला आता आठ महिने झाले. आठ महिने मी मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये एवढ्या मोठ्या पलंगावर एकटा निजतो आहे, आणि पाठ बरी झाली तरी ती परत येईल की नाही हे मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही. सकाळी दिवाणाची चादर नीट घडी घातलेली दिसते. पाहुणा घालतो तशी.

ती दिवाणावर गेली, कारण पलंगावर तुझी गादी होती. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी तू मामाला पत्र पाठवून माहेरचा कापूस मागवला होतास, आठवतं? यवतमाळहून तीन पोती रेल्वेने आली. इथला कापूस तुला पसंत नव्हता. त्यात भेसळ असते, म्हणायचीस. मग करोल बागेत अर्धा दिवस हिंडून तू पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड घेतलंस आणि सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर धुनियाला बोलावलंस. तू त्याला पिंजारीच म्हणत राहिलीस, आणि तोही ओ देत राहिला. त्याच्या पिंजणाची तार दिवसभर वाजत होती. तू नाकातोंडाला पदर बांधून समोर बसली होतीस, माहेरच्या कापसातली मूठभरसुद्धा इकडेतिकडे होऊ नये म्हणून. संध्याकाळी तुझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. मला हाक मारून तू म्हणालीस, बस यावर, कसं वाटतं सांग. मी बसलो. खरंच ढगावर बसल्यासारखं वाटलं. आमच्या लग्नात तू आम्हाला बरंच काही दिलंस, पण मनापासून दिलेली वस्तू ती एकच होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

महिन्या-दोन महिन्यांत ढग बसला. कापसाचे गोळे झाले, मध्ये खळगा पडला, आणि पुढची दिवाळी येईपर्यंत तसंच. तुझ्या मते गादी वर्षातून एकदाच पिंजायची, दिवाळीच्या आधी. त्याआधी पिंजली तर कापसाचा धागा तुटतो. त्यामुळे आमच्या घरी वर्षाचे दोन महिने सुखाचे आणि दहा महिने खळग्याचे.

तो रविवार मला अजून समोर दिसतो. तू ओट्याशी उभी आहेस, कांदा चिरते आहेस पोह्यांसाठी. मी जमिनीवर पाटावर बसून चहा पितो आहे. लग्नाला सहा महिने झालेत. तुझी सून कोथिंबीर निवडता निवडता, फार सावधपणे, विचारते: आई, शेजारच्यांनी काथ्याची गादी घेतली आहे, कडक असते पण सपाट राहते, आपणही एक बघायची का. तुझी सुरी थांबत नाही. तू विचारतेस, या गादीला काय झालं. ती म्हणते, पाठ धरते हो सकाळी. आणि एकटी पडू नये म्हणून असेल, पुढे म्हणते, "ह्यांचाही हात रोज बधिर असतो उठताना." आता सुरी थांबते. तू माझ्याकडे वळून विचारतेस, "खरं का रे? तुलाही टोचते माझी गादी?"

आणि मी म्हणतो, "मला काही नाही. हात ऑफिसात लिहून लिहून धरतो. मला छान झोप लागते."

तू परत कांद्याकडे वळलीस. पाठमोरीच म्हणालीस, "घरात दोघं एकाच गादीवर झोपतात. एकाला झोप लागते, एकाला नाही. मग गादीला काय बोल लावायचा."  तू कधी आवाज चढवला नाहीस, हे मी तुझ्या बाजूने नेहमी सांगत आलो आहे. तिने कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्या, टोपलीत टाकल्या आणि पुन्हा तुझ्या हयातीत गादीचं नाव काढलं नाही.

तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तू गेल्यावर मी काथ्याची गादी आणली खरी, पण तिच्यावर तुझी अंथरली. मऊ लागेल, असं सांगितलं. पुढे धुनिया यायचा बंद झाला. ती गादी मग पिंजली गेलीच नाही, नुसती उन्हात टाकायची आणि उलटायची. तुझ्या सुनेने तक्रार केली नाही. फक्त एक वाक्य तिच्या तोंडी बसलं, सकाळी चहा ओतताना, पाहुण्यांसमोर, लेकीशी फोनवर: "ह्यांचं बरं आहे, ह्यांना कुठेही झोप लागते." कधी कौतुकाने म्हणायची, कधी टोमण्याने. मी दोन्ही वेळा सारखाच हसायचो.

तर या वेळी लेकीनेच पुढाकार घेतला. तिचं ऑफिस नोएडात आहे. तिथल्या एका सेक्टरमध्ये लॅटेक्सच्या गाद्या बनवणाऱ्यांचं दुकान आहे, तिथे आम्हा दोघांना घेऊन गेली. दुकानात चपला काढून गाद्यांवर आडवं व्हायचं असतं. तुझी सून आधी लाजली, पदर सारखा करून कडेला टेकली. माणूस म्हणाला, आंटी जी, बैठके नहीं, जैसे सोते हैं वैसे लेटिए, पंद्रह मिनट। ती कुशीवर झोपली, डोळे मिटले. त्याने सांगितलं, कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर आत जायला हवी आणि कण्याची रेघ सरळ राहायला हवी. त्यासाठी एकाच खोळीत तीन थर असतात, मऊ, मध्यम आणि कडक, आणि चेन उघडून त्यांचा क्रम बदलता येतो. दोघांच्या बाजू वेगळ्या. उशी पातळ घ्या, खांदा आत गेला की जाड उशीने मान वर राहते. चादर ताणून बसवू नका, गादीचा लवचिकपणा मरतो. आणि खाली सपाट फळी, तिला हवेसाठी भोकं पाडलेली, त्यावर थेट गादी, मध्ये काही नको. लेकीने सगळं फोनवर लिहून घेतलं. मीही ऐकलं, आई. शेवटचं तर नीटच ऐकलं.

गादी आली त्या दिवशी तुझी सून व्यायामाला गेली होती. माणसं गादी बसवून गेली. काथ्याची गादी त्यांनीच खाली नेली. तुझी मी बाल्कनीत उभी करून ठेवली होती. हिला सांगून टाकलं होतं की ती चौकीदाराला देणार. चौकीदाराला हाक मारायला मी बाल्कनीच्या कठड्याशी गेलो आणि तसाच उभा राहिलो. मग आत आलो, चेन उघडून थर एकेक करून बाजूला केले, वेगवेगळे होते म्हणून एकट्याला जमलं, आणि तुझी गादी फळीवर पसरून त्यावर ते पुन्हा रचले. पलंगाला कडेने उंच फळी आहे, बाहेरून काही दिसत नव्हतं. मला वाटलं, मऊवर मऊ, बिघडलं काय?

पुढचे तीन आठवडे आम्ही ती गादी जुळवत होतो. ती दुपारी पलंगावर पडून बघायची आणि तासाभरात कंबर धरून उठायची. पलंग फार उंच झालाय, माझे पाय टेकत नाहीत, म्हणायची. मी म्हणायचो, लॅटेक्स जाडच असतं. दुकानात फोन केला, त्यांनी सांगितलं मध्यम थर वर घ्या. घेतला. मग कडक मध्ये घेतला. तीन उश्या बदलल्या. जुन्या चादरी पुरेनात, म्हणून इलास्टिकच्या आणल्या, मग त्या फार ताणतात म्हणून एक नंबर मोठ्या. प्रत्येक थर उचलताना मी तिला बाहेर पाठवत होतो, वजन तुला झेपणार नाही म्हणून. शेवटी ती थकून म्हणाली, "राहू द्या. पाठच खराब आहे, गादी काय करणार?" आई, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. शब्द वेगळे होते एवढंच.

तरी लेकीने तक्रार नोंदवून ठेवली होती. काल दुकानाचा माणूस आला. पन्नाशीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मी म्हटलं, आप चाय पीजिए, मैं दिखाता हूँ। तो ऐकेना. त्याने गुडघा टेकून गादीचा कोपराच वर उचलला आणि पट्ट्यापट्ट्यांचं कापड दिसलं. तो म्हणाला, "अरे, ये क्या बिछा रखा है? ये तो बीच में से बैठी हुई है। इसके ऊपर कोई भी गद्दा रखो, कमर तो जाएगी ही।" तुझी सून दारात उभी होती. त्याने तिच्याकडे बघून समजुतीने हसत म्हटलं, "आंटी जी ने रखी होगी। लेडीज़ से पुरानी चीज़ छूटती नहीं।"

 ती माझ्याकडे बघत नव्हती; तिची नजर त्या कापडावर होती. एक क्षण असा होता की मी नुसतं हसलो असतो तरी भागलं असतं. माणूस गेला असता, गादी दुरुस्त झाली असती. मी म्हटलं, "मैंने रखी है। मेरी माँ की है।"

माणूस ओशाळला. मग आम्ही दोघांनी मिळून तुझी गादी बाहेर काढली. त्याने तुझ्या सुनेच्या बाजूला मऊ थर वर घातला, खाली मध्यम, तळाला कडक. तिला कुशीवर झोपवून कमरेखालून हात सरकवून बघितला आणि म्हणाला, अब ठीक है. मग मला विचारलं, "अंकल जी, आपको कैसा चाहिए?" मी नेहमीसारखा म्हणालो, मुझे कुछ भी चलेगा, मुझे तो कहीं भी नींद आ जाती है. त्याने माझ्या बाजूला कडक वर ठेवला आणि चेन लावली.

तो गेल्यावर ती बाल्कनीत आली. तुझी गादी कठड्यावर पडली होती. तिने हात फिरवला, एका ठिकाणी शिवण उसवली होती तिथून चिमूटभर कापूस ओढून बघितला. "कापूस चांगला आहे," म्हणाली. "टाकू नका. दिवाणासाठी पिंजून घेऊ, कुणी मिळालं तर." मी मान हलवली. मग कापूस परत आत सारत म्हणाली, "गादीचं काही नव्हतं हो. त्या सकाळी मी एकटी पडले."

एकतीस वर्षांनी ती त्याबद्दल पहिल्यांदाच बोलली. एवढंच बोलली आणि चहा टाकायला गेली. आज दुपारी हॉलमधली उशी पलंगावर आलेली दिसली. आता मी हे लिहितो आहे तर ती आतल्या खोलीत झोपली आहे, दीड तास झाला, चष्मा डोळ्यांवर तसाच आहे. हातातलं पुस्तक घसरून माझ्या बाजूला पडलं आहे.

आई, हे पत्र कुठे पाठवणार? गादीखाली ठेवायची सोय होती ती आता नाही. मोठी गोष्ट मी काल कबूल करून टाकली, असं घरात सगळ्यांना वाटतं आहे, लेकीने तर फोनवर शाबासकी दिली. पण त्या रविवारी तू मला सरळ विचारलं होतंस आणि मी तुला खोटं सांगितलं. ती गादी मला टोचत होती. हात लिहून धरत नव्हता. तुझ्या गादीवर, पिंजल्यानंतरचे दोन महिने सोडले तर, मला कधी धड झोप लागली नाही, पुढे सवयीने मी गप्प पडून राहायला शिकलो, आणि त्यालाच तुझी सून झोप समजत आली. आज सकाळीही उठलो तेव्हा हात बधिर होता. माझ्या बाजूचा वरचा थर बदलायला हवा, आणि त्यासाठी तिला सांगावं लागेल, सुरुवातीपासून. अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगून पाहिलं.