धाकट्याची खोड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा व्हिडिओ गेमचं दुकान चालवणे व तिथली यंत्रं दुरुस्त करणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही कानाशी न लागता हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिला आहे. अक्षर पहिल्यापासून वाईट आहे, त्याला हसू नये. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

कलम १. दुकान, त्यावरची राहती खोली आणि बँकेतली शिल्लक हे सगळं स्वकष्टार्जित असून माझ्या पश्चात माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या दिवंगत धाकट्या भावाच्या एकुलत्या एक मुलीला मिळावं. दुकान विकलं तरी माझी हरकत नाही. खोलीचं दार फुगलं आहे, खांद्याने ढकलावं लागतं.

कलम २. सोल्डरिंगचं सामान आणि बटणांचे डबे कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला द्यावेत. माझा चांगला पाना त्याने सहा वर्षांपूर्वी 'दोन मिनिटांत आणतो' म्हणून नेला. तोही आता त्याचाच.

कलम ३. माझ्या वह्या. मारामारीच्या खेळात नुसते हात चपळ असून भागत नाही. समोरचा पुढे काय करणार हे आधी कळावं लागतं. मला कळायचं, म्हणून गिऱ्हाइकं मला 'ज्योतिषीण' म्हणत. प्रत्येक नेहमीच्या खेळाडूच्या खोडी मी टिपून ठेवल्या आहेत. वह्या रद्दीत घालाव्यात, पण चष्मेवाल्या खेळाडूचं पान फाडून त्याच्या हातात द्यावं. भर स्पर्धेत माझ्याकडून हरल्यावर तो 'बायकांचं नशीब' म्हणाला होता. पानावर लिहिलंय : 'उडी मारण्याआधी ओठ चावतो.' वीस वर्षं चावतोय बिचारा.

कलम ४. भिंतीलगतचं, चादर घातलेलं यंत्र भाचीचं. पोरी, इथून पुढचं तुझ्यासाठी आहे.

तुझ्या बाबाचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. हरायला लागला की जॉयस्टिकचा दांडा सोडायचा, मनगट चोळायचा, 'थांब, हात आखडला' म्हणायचा. समोरचा सैल पडला की हाणायचा. सगळे फसले, मी कधी फसले नाही. त्याच्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'थांब म्हणाला की थांबायचं नाही.'

त्या दुपारी आम्ही याच यंत्रावर खेळत होतो. तिसरा डाव, पडद्यावरच्या घड्याळात अकरा सेकंद उरलेले. त्याने दांडा सोडला.

"ताई, थांब. छातीत कळ येतेय."

"नाटकं पुरे. खेळ."

मी मान वळवली नाही. अकरा सेकंद मारत राहिले आणि जिंकले. मग बघितलं, तर त्याचं डोकं बटणांवर टेकलेलं होतं. डॉक्टर रस्ता ओलांडून धावत आले, पण सगळं संपलं होतं.

तू नऊ वर्षांची होतीस. "आत्या, बाबा शेवटी काही बोलले का गं?" असं विचारलंस. मी म्हणाले, "नाही गं, वेळच मिळाला नाही." हे खोटं होतं. मला माफ कर, असं लिहायची माझी छाती होत नाही, तरी लिहिते.

आता यंत्राबद्दल. हे यंत्र प्रत्येक खेळाडूच्या सवयी शिकतं आणि तो नसताना त्याच्यासारखं खेळतं. त्या नकलेला आम्ही 'सावली' म्हणतो. शेवटच्या डावाला ते सर्वांत जास्त महत्त्व देतं. महिन्याभराने मी तुझ्या बाबाची सावली लावली. तीच घाई, तेच दोन पावलं मागे येणं. तिसऱ्या डावात घड्याळ अकरावर आलं आणि सावली हात खाली सोडून उभी राहिली. यंत्राला वाटलं, ही त्याची खोड. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्याकडे मेल्यावरही गेली नाही.

तेरा वर्षं मी रोज दुपारी एक खेळ खेळते. तो थांबला की मी दांड्यावरचे हात काढते आणि अकरा सेकंद त्याच्यासमोर बसते. त्या दिवशी बसायला हवं होतं, तशी.

तू स्वतःच्या नावाने खेळ. त्याच्या नावाने खेळलीस तर त्याच्या सवयी पुसून तुझ्या चढतील. खेळायचं नसेल तर वायर ओढून टाक, तो तुझा हक्क आहे. सगळ्या गावाला वाचलं मी, पण हे वाचून तू काय करशील हे मला सांगता येत नाही. खेळलीस तर तो थांबल्यावर थांब, एवढीच विनंती.

वरील मजकूर मी वाचून दाखवला व राजीखुशीने सही केली.

सही : ज्योतिषीण, म्हणजे तुझी आत्या

साक्षीदार १ : शेजारचा किल्लीवाला. ऐकताना नाक ओढत होता, सर्दी म्हणाला.

साक्षीदार २ : समोरचे डॉक्टर. सही करण्याआधी मी त्यांना पुन्हा विचारलं, मी लगेच थांबले असते तर? ते म्हणाले, "नाही हो, काही फरक पडला नसता." खोटं बोलताना डॉक्टरांचा हात डाव्या कानाकडे जातो, हे माझ्या वहीत आहे. आज मी मुद्दाम कागदाकडे बघत राहिले.

ठिकाण : दुकान, यंत्रापुढचं स्टूल
दिनांक : नऊ मार्च, दुपारी, आजचा खेळ झाल्यावर