रेडियमच्या बाई आणि दाढी

तीर्थरूप मामांना, कमरेतून नीट वाकून नमस्कार (उभ्याउभ्या उरकलेला नव्हे). गुडघा कसा आहे? मामींचा माझ्यावरचा राग उतरला असेल असे धरून चालतो.

मी कॉलेज सोडल्याचे तुम्ही अजून मनाला लावून घेतले आहे म्हणे. तर कळवण्यास आनंद वाटतो की तुमचा भाचा पदार्थविज्ञानातच आहे! विज्ञान प्रदर्शनात नोकरी लागली. जगातले मोठे पारितोषिक मिळवलेल्या बारा शास्त्रज्ञांच्या तसबिरींखाली त्यांच्या आयुष्याच्या आणि शोधांच्या पाट्या लावायच्या. मजकूरही माझाच. ती भिंत शाळेच्या मुलांना समजावून सांगायला एक मुलगी आहे. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढेच की ती प्रकाशावर बोलू लागली की मला समोरचे दिसेनासे होते.

त्या अवस्थेत मी पाट्या पारितोषिकाच्या सालाप्रमाणे लावल्या. सुताराने तसबिरी टांगल्या होत्या जन्मसालाप्रमाणे! (आधी जन्मलेल्याला आधी बक्षीस द्यायला काय होत होते? पण शिस्त कुठेच नाही.) उद्घाटनाला आले कोण, तर ज्यांच्याशी भांडून मी कॉलेज सोडले ते आमचे सर. छातीपर्यंत दाढी असलेल्या एका गृहस्थांच्या तसबिरीपुढे थांबून त्यांनी मोठ्याने वाचले, की रेडियम शोधणाऱ्या या बाईंनी दोन मुलींना वाढवत संशोधन केले. वर म्हणाले, "बाई जरा थोराड दिसतात."

माझे डोके सटकले. तसबिरीकडे न बघताच ओरडलो, "थोर बाईंच्या दिसण्यावर बोलणं शोभतं का सर तुम्हाला?" सगळी सभा खो खो हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. सरळ पाट्या उचकटू लागली (हे हसण्यापेक्षा वाईट). मीही लागलो. माझीच एक पाटी वाचून तिने विचारले, "प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात, हे लिहिलंयस. पण का सुटतात?" मी म्हटले, तो धडा यायच्या आधीच मी बाहेर पडलो. "मग शिकून ये आणि मला सांग," म्हणाली. मामा, एवढे स्पष्ट निमंत्रण आजवर कुणाला मिळाले असेल? एकूण सगळे उत्तम चालले आहे.

तुमचा,
तत्त्वासाठी भांडणारा भाचा

ता. क. कोणत्या तत्त्वासाठी, असेही तिने विचारले. मी सांगितले, माझ्या प्रयोगवहीतली मापे फारच नेमकी आहेत, असे सर म्हणाले होते, त्यावरून भांडलो. "खरी होती का?" म्हणाली. मी पाणी प्यायला गेलो.

आणखी एक. सोबत पुन्हा प्रवेशाचा अर्ज आहे. बाबा सही करणार नाहीत. तुम्ही करा, आणि सोमवारी अकराला माझ्याबरोबर सरांपुढे उभे राहा. बोलायचे सगळे तुम्हीच. मी तोंड उघडणार नाही, असे तिला कबूल करून बसलो आहे.