नदीत गेला की आउट

मंगळवार, ७ मे १९९६

औषधवाला गेराल्ड येऊन गेला. हातात कागदांची चळत आणि तोंडावर हसू — दात उपटायच्या आधी दातांचा डॉक्टर हसतो ना, तसलं. मी तेव्हाच ओळखलं.

"वेरोना काकू, आकडे डेलच्या बाजूने आहेत."

शंभर वर्षांत या गावातला बेसबॉलची बॅट सगळ्यात चांगली चालवणारा कोण, ते म्हणे त्याच्या कॉम्प्युटरने काढलं. मैदानावर धावफलकाखाली त्याच्या नावाची पाटी लागणार — या महिन्यात, लढाईत गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला, मिरवणूक संपली की. शेवटी दोघेच उरलेत. आमचा म्हातारा, पालो हुदाक, आणि डेल पियर्सन. पालो खेळला लढाईच्या आधी आणि लढाईनंतर, काचेच्या कारखान्याच्या टीममधून. डेल खेळला परवा-परवा, ती टणटण वाजणारी अल्युमिनियमची बॅट घेऊन.

"पालोकाकांचे फटके जास्त आहेत," गेराल्ड म्हणाला, "पण सगळे एकेका बेसचे. कुंपणापार गेलेला होमरन एकही नाही. डेलचे होमरन बघा!"

काय बघा! पालो पहिल्या बेसवर पोचायचा, दुसरा चोरायचा आणि तिसऱ्यावर उभं राहून पिचरला वेडावायचा. त्याला कॉम्प्युटरमध्ये रकाना नाही वाटतं?

तेवढ्यात म्हातारा आतून ओरडला — ओरडतोय कसला, नाकातल्या नळीतून फुसफुसला — "नाव लागलं का?"

"लागेल," मी म्हटलं. गेराल्डकडे बघून म्हटलं. तो खाली बघायला लागला.

कारखान्याच्या भट्टीने याची फुप्फुसं खाल्ली, आता डोकंही कधी जाग्यावर असतं, कधी नसतं. पण मार्चमध्ये गेराल्डने पाटीचं सांगितलं तेव्हा उठून बसला होता! "एवढं नाव लागलेलं बघून जाईन," म्हणाला. लग्न झाल्यापासून या माणसाने तोंडाने काही मागितलं नाही. जेवताना हलुश्की आणखी हव्या असल्या तरी नुसता भांड्याकडे बघत बसायचा. आणि मागितलं ते हे.

गुरुवार, ९ मे

डेलने न सांगता येऊन आमचं गळकं पन्हाळ नीट करून दिलं. कॉफीलाही थांबला नाही. माणूस चांगला आहे हेच तर वाईट! आता शिव्या कुणाला देऊ?

शनिवार, ११ मे

दुकानात जाऊन गेराल्डला गाठलं. खोकल्याच्या बाटल्यांपलीकडे उभा होता, पळणार कुठे.

म्हटलं, होमरन नाही, होमरन नाही, लावलंयस काय! जुन्या मैदानाच्या उजव्या कुंपणामागे काय होतं?

"नदी."

आणि नदीत बॉल गेला की?

"की काय?"

आउट! होमरन नाही, आउट. कारखाना उन्हाळ्याला मोजके बॉल द्यायचा, एक गेला की पुढच्या रविवारी काय, बटाटे टाकायचे? म्हणून कुंपणाबाहेर मारणारा आउट. इथला नियम. शहाणा माणूस बॉल खालूनच मारायचा. मग होमरन येणार कुठून?

गेराल्डने चष्मा पुसला. "काकू, नियमाच्या पुस्तकात असं नाहीये."

पुस्तक होतं कुणाकडे! बॉल नव्हते तिथे पुस्तक!

"जुन्या धावपत्रकांत नुसतं 'आउट' लिहिलंय. कशाने आउट ते नाही. मी काय धरू?"

यादीही दाखवली. शंभर वर्षांचे खेळाडू, पण एखाद-दुसराच उन्हाळा खेळलेले त्याने आधीच गाळून टाकलेत. "नाहीतर चार दिवस नशीब फळफळलेला कुणीतरी सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसेल," म्हणाला. हे मला पटलं. तेवढं एकच पटलं.

"कुणी साक्षीदार आहे का जिवंत?" दार लावता लावता त्याने विचारलं.

मी स्वतः लग्न होऊन आले लढाईनंतर. तेव्हा नदीकडे उंच लाकडी भिंत झाली होती, नियम गेला होता. पण पालोचा हात खालूनच वळलेला, तो तसाच राहिला. मी ऐकीव सांगते. ऐकीव कोण धरणार?

रविवार, १२ मे

आज मदर्स डे. मार्गी फुलं घेऊन आली. आमची एकुलती एक, शहरात असते. "आई, फुलं आवडली नाहीत का? काय हवंय मग?"

"तुझी गाडी हवीय. आणि तू."

शेजारणीला म्हाताऱ्याजवळ बसवलं आणि गेलो एमिल क्राल्कडे. पलीकडच्या गावच्या खाणवाल्यांचा पिचर होता तो, आता म्हाताऱ्यांच्या घरात असतो. गुडघ्यावर घोंगडी, पण जीभ शाबूत.

"हुदाक?" म्हणाला. "कुठला हुदाक? चिकटा का हसरा?"

चिकटा, म्हटलं. माझा नवरा.

"अरे देवा! माझा घाम काढलाय त्याने. आउटच व्हायचा नाही मेला."

मी नदीच्या नियमाचं विचारलं. टाळीच वाजवली त्याने. होता म्हणजे! शंभर टक्के होता! मार्गीने माझा हात दाबला. मला वाटलं, जिंकले.

"पण चिकट्याने नदीत?" एमिल हसत सुटला, हसताना खोकत सुटला. "टरबूज टाकलं असतं तरी नदीपर्यंत गेलं नसतं बाई. कोबी चिरल्यासारखी बॅट चालवायचा तो. नदीत टाकायचा तो दुसरा, त्याचा भाऊ. यानो! त्याला मी खरा भ्यायचो. मारला की बॉल दिसायचाच बंद. पंच ओरडतोय आउट, आउट — आणि हा सगळे बेस फिरून येतोय, टोपी हलवत! आम्ही समोरच्या टीमचे, आम्हीपण टाळ्या वाजवायचो. एकच उन्हाळा खेळला. मग गेला लढाईवर."

"ते राहू दे," मी म्हटलं. "मेलेल्याचं कौतुक ऐकायला आले नाही मी. माझ्या माणसाचं बोल."

"त्याचंच बोलतोय की," एमिल म्हणाला.

परत येताना मार्गी म्हणाली, "आई, बाबांना लांब मारता आलं असतं का गं?"

काय सांगू? ज्याने हात खालूनच वळवला, त्याला वर मारता आलं असतं की नाही, हे आता त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. कॉम्प्युटरला कुठून कळणार!

बुधवार, १५ मे

गेराल्डला एमिलचं सांगितलं. सगळं सांगितलं नाही, टरबूज गाळलं. तरी त्याने मान हलवली. नियम होता असं धरू, म्हणाला, पण त्याने पालोकाकांचे किती होमरन बुडाले ते कसं मोजू? न मारलेले फटके कुणी मोजत नाही.

बरोबर बोलला. त्याचाच राग आला.

म्हातारा आज तीनदा विचारून झाला. "नाव लागलं का?" पहिल्यांदा म्हटलं, रंग वाळतोय. दुसऱ्यांदा म्हटलं, सुतार आजारी आहे. तिसऱ्यांदा म्हटलं, गप्प बस आणि सूप पी. तो प्यायला. गुमान. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर जिन्यात, आज पुन्हा आलेल्या मार्गीशी हळू आवाजात बोलला. मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू येतं, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

शुक्रवार, १७ मे

काही नाही. रात्रभर खोकला.

सोमवार, २० मे

गेराल्डचा फोन! मी तो आधी कानाला उलटाच धरला.

"काकू, मी दोघांना एकमेकांशी ताडून बघत होतो, तेच चुकलं. आता प्रत्येकाला त्याच्या त्याच्या काळातल्या माणसांशी ताडलं. डेलच्या वेळी सगळेच उंच मारायचे. पालोकाकांच्या वेळी बॉल मऊ, कळकट, शिवण उसवलेला. लांब मारणारा विरळाच. पण आपल्या लोकांत पालोकाका जेवढे वर होते, तेवढा डेल आपल्या लोकांत नाही. थोडेसेच, पण वर."

"नदी धरलीस का?"

"नाही. नदी धरता येत नाही."

म्हणजे माझी सगळी पळापळ फुकट! मी एमिलकडे गेले नसते तरी हेच झालं असतं. मला पोळपाटावर पीठ घेऊन बसायला हवं होतं, आकडे आपले आपण आले असते. तरी खुर्चीत बसले आणि ॲप्रन तोंडावर धरला. कुणी बघत नव्हतं.

डेल स्वतः आला नंतर, टोपी काढून. "काकू, बरोबर झालं," म्हणाला. "लाकडी बॅटने मला एकही आला नसता." खोटं! आले असते. चांगला माणूस आहे, काय करणार.

गुरुवार, २३ मे

खसखशीचे रोल केले, चर्चच्या स्टॉलसाठी. दुकानातून छोटे झेंडे आणले, कबरींवर लावायला. एक सासऱ्यांसाठी नको, ते लढले नाहीत, फक्त प्याले. एक यानोसाठी. खाली पुरलेलं काही नाही, तो इटलीतच राहिला. मी लग्न होऊन आले तेव्हा माझा दीर भिंतीवर होता — खांद्यावर बॅट, दात दिसतायत. दर वर्षी झेंडा पालो लावायचा. या वर्षी मी लावला. काच पुसली फोटोची. इतकं काय हसायचं ते फोटोत!

सोमवार, २७ मे

नेलं त्याला. चाकाच्या खुर्चीतून, ऑक्सिजनचं नळकांडं मांडीवर. डॉक्टर नको म्हणत होता. मी म्हटलं, तू घरी थांब मग.

बँड, अग्निशमनवाले, शाळेची पोरं, कबरस्तानात बंदुकीच्या सलाम्या. मग सगळे मैदानावर. गेराल्डने कागद काढून भाषण ठोकलं. काळ वेगळा, ढब वेगळी, तरी न्याय करता येतो, वगैरे. चादर ओढली. पालो हुदाक. पांढऱ्यावर निळी अक्षरं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, डेलने सगळ्यात जोरात.

म्हाताऱ्याला लांबचं वाचता येत नाही. मी कानात म्हटलं, "लागलं रे नाव."

तो नदीकडे बघत राहिला. "बरं झालं," म्हणाला. "आजच्या दिवशीच लागलं. बरं झालं." मग रोल मागितला. तोंडाने मागितला! अख्खा खाल्ला.

लिहून ठेवते : आज मी जिंकले.

मंगळवार, २८ मे

सकाळी लापशी भरवत होते. म्हणाला, "यानोचं नाव मोठ्या अक्षरांत आहे ना गं?"

चमचा हातातच राहिला.

"मला त्याच्यासारखं मारता आलं नाही कधी," म्हणाला. "मी आउट व्हायला भ्यायचो."

मोठ्या अक्षरांत आहे, म्हटलं.