नुसतं फिनिशिंग

३ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न.

रागाच्या भरात लिहितेय, अक्षर समजून घ्या. ज्या शोधनिबंधासाठी मी चार वर्षं राबले, तो लॅबच्या सरांनी छापायला पाठवला. लेखकांत माझं नाव नाही. आभारात आहे, फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या खाली!

तुम्ही नेहमी विचारता, मी नेमकं करते काय. पेशीत प्रोटीन बनताना लागणारा माल एकेक करून आणून देणारा हमाल म्हणजे टी-आरएनए. तो घडला की एन्झाइम त्याच्यावर ठिकठिकाणी बारीक रासायनिक खुणा चढवतात. त्यातली एक खूण चढवणारं एन्झाइम मी शोधलं. ते काढून टाकलेलं यीस्ट नेहमीच्या उबेला मजेत वाढलं, तेव्हा सर म्हणाले, बिनकामाचं आहे, सोड. मी सोडलं नाही. सात अंश वाढवले. बिनखुणेचे हमाल कोलमडले, यीस्ट मेलं. तारखांसकट सगळं माझ्या वहीत आहे.

आता सर म्हणतात, कल्पना माझी, तू केलंस ते नुसतं फिनिशिंग. ‘माझी हरकत नाही’ अशा कागदावर त्यांना वीस तारखेपर्यंत माझी सही हवीय.

तुमची,
ठिणगी

७ मार्च

चि. ठिणगीस,
अ. आ.

नुसतं फिनिशिंग? त्या माणसाला माझ्या शिलाईच्या दुकानात एक दिवस उभा कर! इंटरलॉक न केलेली शिवण हँगरवर झकास दिसते. पहिल्या गरम धुलाईत उसवते, आणि गिऱ्हाईक शर्ट तोंडावर फेकतं. तू यीस्टमध्ये हेच दाखवलंस की!

तुझ्या पदवीच्या दिवशी मी त्याचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं. चूक सांगताना ‘आमची मुलं’, यश सांगताना ‘मी’. तेव्हाच काकूला म्हटलं, हा पोरीला गुंडाळणार.

सही करायची नाही. एका जुन्या मशिनवर सुरुवात करून इथवर आलो, पण दुसऱ्याच्या कष्टावर स्वतःचं नाव लावलं नाही. म्हणशील तर येतो आणि त्याची कॉलर धरतो.

रागावलीस तरी जेवत जा, आणि आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा काका

११ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न.

कॉलर धरायला जरूर या. पण निघताना मान वर करून दुकानाची पाटी वाचा. तुमचं नाव, शेजारी दादाचं. दादा बँकेत, त्याला सुई ओवता येत नाही. सव्वीस वर्षं काजं, इंटरलॉक, तुरपाई काकू करते. पाटीवर ती कुठे आहे? गिऱ्हाइकांना तुम्ही सांगता, ही जरा हातभार लावते. कान मी तुमच्याकडूनच घेतलेत काका, ऐकलंय. सरांचा राग आला. तुमचा जास्त आला.

उद्धटपणा वाटला तर वाटू दे. लोभ कमी झालेला मात्र चालणार नाही.

ठिणगी

१७ मार्च

चि. ठिणगीस,
अ. आ.

दोन दिवस तुझं पत्र खिशात घेऊन धुमसत होतो. काकू तुला आगाऊ म्हणेल या आशेने तिला वाचून दाखवलं. तिने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, परत वाचा. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी बाहेर जाऊन पाटी बघून आलो.

काल रंगारी बोलावला. खाली बारीक अक्षरात तिचं नाव घाल म्हटलं. ती बाहेर आली ती शिडी धरूनच उभी राहिली. त्याला उतरू देईना. भर रस्त्यात मला म्हणाली, आभार नकोत, नाव हवंय. जागा नाही म्हटलं, तर म्हणाली, मुलाचं पुसा. मी चिडलो, ती माझ्या दुप्पट. रंगारी वर उन्हात वाळत होता. शेवटी दोन्ही नावं पुसून पाटी नव्याने लिहिली.

तिचा निरोप: वही घेऊन संस्थेच्या समितीपुढे जा, आणि नाव लागेपर्यंत खुर्चीवरून उठू नकोस. सरांचा तो कागद बिनसहीचाच इकडे धाड. कॉलरचा नवा नमुना कापायला तिला जाड कागद हवाच आहे.

राग जपून ठेव, लोभही.

तुझा काका
(पाटीवर दुसरा)