शून्य मार्कांचा पेपर

२९ नोव्हेंबर १९९३

आजही तेच! रंगनाथने तापमानाच्या काट्याकडे पाठ केली, पॅनमधून गरम राबेचा, म्हणजे आटत आलेल्या पाकाचा, थेंब अंगठ्यावर घेतला, बोटाने चोळला आणि कानाशी नेला. कानाशी! मग म्हणाला, "अजून न्हाई." झालं. सगळे थांबले. मजूर थांबले, वाफेवरचा माणूस थांबला, मीही थांबलो. शुगर टेक्नॉलॉजीचं सुवर्णपदक मिळवलेला माणूस एका चौथी पास अंगठ्यासाठी अकरा मिनिटं उभा होता!

घड्याळ लावत नाही हा माणूस. वर मलाच विचारतो, "किती वाजले साहेब?"

२ डिसेंबर

बाबांचं पत्र. नगरला सगळ्या गल्लीला सांगून झालंय की सुश्रुत कोपरगावकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट आहे. प्रोबेशनवर आहे हे सांगितलेलं नाही. विचारतात, कायम कधी होणार? आणि पॅन म्हणजे नेमकं काय रे?

पत्रात लिहिलं: पॅन म्हणजे दोन मजली उंच बंद भांडं. त्यात उसाचा पाक वाफेवर आटवतात. ठरावीक क्षणी त्यात साखरेचा दाणा धरतो, मग तो दाणा वाढवायचा. क्षण चुकला की सगळं वाया. हा क्षण शास्त्राने काढता येतो. आमच्याकडे तो रंगनाथच्या अंगठ्याने काढतात.

कायम होण्याचं लिहिलं नाही. चीफ केमिस्ट एवढंच म्हणालेत, या हंगामात साखर कशी निघते ते बघू आणि ३१ मार्चला ठरवू. चीफ स्वतः बी.एस्सी. सेकंड क्लास! आणि मला तोलणार.

७ डिसेंबर

सहा डिसेंबरसाठी रंगनाथ रजेवर. दादरला चैत्यभूमीवर गेलाय. वर्षातली एवढीच रजा घेतो म्हणे. दुसरा पॅनमन मच्छिंद्र आणि मी असा पॅन चालवला. सगळं पुस्तकाप्रमाणे.

साखर पिठासारखी निघाली. वाफ कमी होती. तशी नोंद केली.

११ डिसेंबर

मेसमध्ये वांगं. काल वांगं. परवा वांगं.

२० डिसेंबर

मुख्य पॅनमनची जागा भरायची आहे. चीफ म्हणाले, रंगनाथलाच करू, बावीस वर्षं झाली त्याला. मी म्हणालो, बावीस वर्षं तर गेटवरचा कुत्राही आहे. लेखी परीक्षा घ्या. पन्नास मार्कांची, पाच प्रश्न, पेपर मी काढतो. चीफना कल्पना फार आवडली. आजवर अशी परीक्षा कुणी घेतली नाही म्हणे. घेणार कोण? इथे पेपर काढायची लायकी कुणाची होती?

३ जानेवारी १९९४

कँटीनमध्ये परीक्षा. उमेदवार दोन! मी पर्यवेक्षक. हसू दाबत बसलो होतो.

मच्छिंद्र दहावी पास आहे, त्यामुळे परीक्षेला कसं बसायचं ते त्याला ठाऊक. पाऊण तासाने मोज्यातून चिठ्ठी काढली. मी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघितलं. निदान याला चिठ्ठी वाचता येते! मी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या पेपरात डोकावलो नाही. बाबांनी हेडमास्तर असताना सख्ख्या भाच्याला कॉपीसाठी वर्गाबाहेर काढलं होतं. आमच्या घरात ती गोष्ट अजून सांगतात.

रंगनाथ दोन तास खाली मान घालून बसला. काचेची एक पट्टी मागून घेतली, रेघा मारायला म्हणे. चार वेळा पेन्सिलीला टोक केलं. वाटलं, लिहितोय काहीतरी.

४ जानेवारी

लिहितोय कसलं! एक अक्षर नाही. प्रत्येक प्रश्नाखाली एक चौकट आणि चौकटीत ठिपके. कुठे विरळ, कुठे दाट. पाचव्या प्रश्नाखाली तर नळाचं चित्र! पन्नास वर्षांच्या माणसाने परीक्षेत नळ काढावा?

लाल शाईने शेरा दिला: रांगोळी चांगली. गुण शून्य.

मच्छिंद्रला अडतीस. चिठ्ठीसकट. चीफना रंगनाथचा पेपर दाखवला. तेही पोट धरून हसले. मग म्हणाले, तरी पण, सुश्रुत... मी म्हणालो, सर, नियम म्हणजे नियम. ऑर्डर टाइप करून घेतली. परीक्षेत नापास झालेल्याने पॅनला हात लावायचा नाही. सही माझी.

रंगनाथला गव्हाणीवर पाठवलं. तिथे उसाच्या मोळ्या पट्ट्यावर सरळ करायच्या, बस. त्याला झेपेल असं काम. त्याने ऑर्डरची चार घड्या केल्या, खिशात ठेवली आणि विचारलं, "पेपर वाचला का साहेब?"

म्हटलं, वाचण्यासारखं काय होतं त्यात?

१० जानेवारी

पॅन बिघडला. मोठ्या दाण्यांच्या मध्ये नको असलेले बारीक दाणे उगवले. साखर वेगळी करणाऱ्या मशीनच्या जाळ्या बुजल्या. सगळा माल पाण्यात विरघळवून पुन्हा रसात टाकला. मच्छिंद्रला विचारलं, असं का झालं? त्याने माझ्याच पेपरातलं तिसरं उत्तर म्हणून दाखवलं. स्वल्पविरामासकट! गाढव.

१४ जानेवारी

संक्रांत. मेसवाल्या गोजरबाईने तिळगूळ केला. कढईशी उभी राहून पाकाचा थेंब पाण्यात टाकत होती, बोटांत धरून बघत होती. मी सहज म्हणालो, बाई, थर्मामीटर आणून देऊ का? तर ही बाई मेसभर ऐकू जाईल अशी हसली. "साहेब, तुमच्या कारखान्याला द्या. तितंच पाक बिघडतोय म्हनं."

म्हणजे मेसपर्यंत पोचलंय! लाडू दोन खाल्ले. खुसखुशीत होते. तिला सांगितलं नाही.

२२ जानेवारी

पुन्हा बारीक दाणे. या हंगामात तिसऱ्यांदा! काटे बरोबर होते. तापमान बरोबर. वाफ बरोबर. आकडे दोनदा तपासले, तिसऱ्यांदा मच्छिंद्रकडून तपासून घेतले. म्हणजे माझी किती वाईट अवस्था झाली ते कळावं!

२ फेब्रुवारी

चीफनी केबिनमध्ये बोलावलं, बस म्हणाले नाहीत. संचालकांची बैठक वीस तारखेला. तोपर्यंत एक पॅन तरी धड उतरव, नाहीतर तुझी फाईल मी पुढे कशाला पाठवू? मी काट्यांचं बोललो. ते म्हणाले, "साखर काटे बघून होत नाही, हे मलाही नोकरीत आल्यावरच कळलं. पण मी कुणाला गव्हाणीवर नाही पाठवलं."

सेकंड क्लास माणूस! आणि मला शिकवतो.

बाबांचं पत्र आलंय. उघडलं नाही.

९ फेब्रुवारी

सकाळी पॅनला चौथ्यांदा तेच लक्षण दिसायला लागलं. काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन दिव्यासमोर धरला तर मोठ्या दाण्यांत पिठूळ गर्दी. मच्छिंद्र नखं चावत उभा. मी जिना उतरलो आणि सरळ गव्हाणीवर गेलो. सगळे बघत होते. बघू देत.

रंगनाथ मोळीतला वाढा, उसाचा हिरवा शेंडा, ओढत होता. मी म्हणालो, चला जरा वर, पॅन बघा. तोंडून "चला" गेलं. आजवर "चल"च म्हणत आलो होतो.

तो जागचा हलला नाही. खिशातून घडी काढली, उलगडली, माझ्यासमोर धरली. उसाच्या रसाने चिकट झाली होती. "नापास मान्सानं पॅनला हात लावायचा न्हाई. तुमचीच सही हाय ना साहेब?"

म्हटलं, ती ऑर्डर मी बघून घेईन.

"मंग बगा आदी. मी काय, उद्या कुनी इचारलं तर माजी नोकरी जाईल." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

वाढा टाकून हात पुसत म्हणाला, "आन मला वर कशाला नेता? मी समदं पेपरात दिलंय की. चौथीनंतर शाळा सुटली, अक्षर लावून वाचतो, पन लिवता येत न्हाई मला, सहीपुरतं येतं. पोरगी दहावीला हाय, शुभांगी. ती म्हनली, पप्पा, आमच्या शाळेत आकृतीला बी मार्क असत्यात. तुमी काढून दावा. म्हून काढलं."

मी तिथून निघालो. पळालो म्हणायला हरकत नाही.

पेपर माझ्याच खणात होता. प्रश्न पहिला: दाणा धरण्याची योग्य वेळ कशी ओळखाल? खाली चौकट, चौकटीत मोजके ठिपके. मी खिशातली नमुन्याची काच त्यावर ठेवली. चौकट काचेएवढीच! काठाला काठ. म्हणजे तो रेघा मारत नव्हता, काच आखत होता. दुसऱ्या चौकटीत ठिपके वाढलेले. तिसरीत आणखी दाट, आणि बाजूला वाफेच्या चाकाला एक फुली. म्हणजे इथे वाफ तोडायची. मी वीस मिनिटं उशिरा तोडत होतो. रोज!

पाचवा प्रश्न: नको असलेले बारीक दाणे आल्यास काय कराल? मोठे ठिपके, मध्ये बारीक ठिपके, बारकांभोवती पेन्सिलीचा गोल. त्यापुढे नळ. नळातून तीन थेंब. त्यापुढच्या चौकटीत बारीक ठिपके गेलेले, फक्त मोठे उरलेले.

पाणी सोडायचं. थोडं. बारीक विरघळतात, मोठे टिकतात. एवढंच! माझ्या आदर्श उत्तरात यासाठी दोन परिच्छेद आणि एक सूत्र होतं. पाणी कधी आणि किती, ते मात्र नव्हतं.

आणि मी याला रांगोळी म्हणालो. शेरा छान जमला म्हणून एकटाच हसलो होतो, तेही लिहायचं राहिलं होतं. आता लिहितो. कसला नीच माणूस आहे मी! मच्छिंद्रला गाढव म्हणतो. त्याला चिठ्ठी तरी वाचता आली, मला समोरचा पेपर वाचता आला नाही.

पेपर घेऊन वर गेलो. पॅनच्या काचेशेजारी चिकटवला. मच्छिंद्रने लाल शाई वाचली असणार.

१० फेब्रुवारी

कालचा पॅन वाचला. अर्धामुर्धा, पण वाचला. पाणी जास्त पडलं माझ्याकडून.

दुपारी पुन्हा गव्हाणीवर. विचारलं, पाणी किती? रंगनाथने नुसता अंगठा वर केला. काळा, जाड, वरचं कातडं शिसवी लाकडासारखं झालेलं. "ह्ये मातूर कागदावर उतरत न्हाई साहेब." इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडा हसला.

बाबांचं पत्र उघडलं. कायम झाल्यावर पेढे वाटायचे आहेत, पाव किलो पुरतील का, असं विचारतात.

११ फेब्रुवारी

अंगठ्याला फोड. राब फार गरम असते हे पुस्तकात होतं!

१२ फेब्रुवारी

पॅन उतरला. दाणा स्वच्छ, एकसारखा. चीफनी मूठभर साखर हातावर घेऊन उन्हात धरली, पाठ थोपटली आणि म्हणाले, "शाबास! वीस तारखेला तुझी फाईल पुढे. कसं जमवलंस रे?"

म्हणालो, "कॉपी केली, सर." आणि रंगनाथचा पेपर टेबलावर ठेवला. माझ्या लाल शाईसकट.