दुधीच्या सालीतली सुई

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
इन्सुलिन घेतलं. सुई दुधीच्या सालीत गुंडाळून कचऱ्याच्या बादलीत टाकली. दीड वर्ष झालं, माझ्या बायकोला, अनसूयेला, पत्ता नाही. औषध मूर्तिजापूरहून आणतो. इथल्या मेडिकलवाल्यांच्या पोटात काही राहत नाही. 'वकीलसाहेबांनी मेथीच्या पाण्यावर शुगर पळवली' असं कॉलनीत नाव आहे. नाव जपावं लागतं.

४ फेब्रुवारी
घंटागाडी आली, पण कचरा घेणारी आचल नाही. ड्रायव्हर नितेश सांगत होता, काल आमच्या गल्लीत ओला-सुका वेगळा करताना तिच्या अंगठ्यात इंजेक्शनची सुई घुसली. गल्लीत अठरा घरं आहेत. सुई कुणाचीही असू शकते. शिवाय हातमोजा घातला होता का? (होता. फाटका, म्हणे.) बेनिफिट ऑफ डाऊट.
दुपारी जेवण गेलं नाही. ऊन वाढलंय.

५ फेब्रुवारी
तिला दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. अठ्ठावीस दिवसांचा कोर्स. सुईवाल्याला एड्स नसेल कशावरून, म्हणून! बत्तीस वर्षं वकिली केली, असा आरोप कुणी केला नव्हता. सुईवाला सापडून त्याचं रक्त स्वच्छ निघालं, तर गोळ्या बंद करता येतील म्हणे.
उद्या सकाळी सांगून टाकतो. ठरलं.

६ फेब्रुवारी
सांगितलं नाही. कबुलीजबाब रिकाम्या पोटी देऊ नये. चहा होईपर्यंत गाडी निघून गेली.

७ फेब्रुवारी
गाडीचं गाणं लांबून ऐकू आलं तरी छातीत धडधडतं. ईसीजी काढावा का?

८ फेब्रुवारी
आचल कामावर आली. चेहरा पार उतरलेला. गोळ्यांनी उलट्या होतात. घरोघरी फाटकाशी उभी राहून विचारत होती. मलाही विचारलं, "वकीलसाहेब, तुमच्या घरी कोणी सुई घेते का? मी भांडत नाही. फकत रगत तपासा म्हना. लेकरू आंगावर पेते माह्यं. भेव वाटते म्हून त्याचं दूध बंद केलं."
मी म्हणालो, आमच्याकडे सगळं नॅचरल आहे. वाक्य आपोआप तोंडातून आलं. मग अर्धा तास बाथरूममध्ये बसून होतो.
खरं लिहितो, भीती वाटते. केसची नाही. ते लेकरू डोळ्यासमोरून हलत नाही.

१० फेब्रुवारी
मास्टर प्लॅन. बाळापूरला जाऊन रक्त तपासायचं आणि रिपोर्ट निनावी पाकिटात घालून गुपचूप गाडीत ठेवायचा. बसमध्ये जागासुद्धा मिळाली. लॅबवाल्यानं आधार कार्ड मागितलं. परत आलो.
निनावी रिपोर्ट कुणाचा समजायचा, हा मुद्दा परतीच्या बसमध्ये सुचला.

११ फेब्रुवारी, दुपारी ४
अनसूयेनं चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "हा घ्या अन् चला, रक्त द्यायले." कशाचं रक्त, असं मी विचारून पाहिलं. म्हणाली, "दीड वर्षापासून फ्रिजातलं तुमचं इन्सुलिन मीच नीट लावून ठेवते. वाटलं, आज ना उद्या सांगाल. ते पोरगी आठ दिवसांपासून ओकून राहिली, तरी तुमी गप्पच."
बत्तीस वर्षांत एकही न्यायाधीश माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलला नव्हता. चप्पल उलटी घालून निघालो.

१३ फेब्रुवारी
रिपोर्ट स्वच्छ. अनसूयेनं तो स्वतः नेऊन आचलच्या हातात दिला, माझ्या नावासकट. तिच्या गोळ्या बंद झाल्या. लेकरू पुन्हा अंगावर पितंय. मी तरी दुसरं काय ठरवलं होतं? प्रश्न फक्त टायमिंगचा होता.

१४ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
आजपासून नवा नियम: सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट, वर लाल पट्टी. बाटली घेऊन फाटकाशी उभा राहिलो. आचलनं शेजाऱ्यांची बादली हातात घेतली. माझी घेतली नाही. मी बाटली दाखवली. म्हणाली, "ते ठीक हाय. पन बादलीत ओला-सुका एकच करून ठेवला तुमी. आता तुमीच हात घालून अलग करा."
अख्खी गल्ली बघत होती. मी बाही वर केली. वर साली, खाली पिशव्या. कालची सुई बाटलीत घातली की सवयीनं सालीत गुंडाळून यातच टाकली, काही केल्या आठवेना.
हात घातला नाही. बादली उचलून घरात परत आणली.